उसातलं भूत कुणाचं? नाशिकमधल्या एका संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा बघतो आणि नंतर त्यावर भांडतो. पडद्याच्या जागी ताणून बांधलेली चादर, प्रोजेक्टर कुणाच्या तरी ऑफिसातून उसना आणलेला, खुर्च्या गणपती मंडळाच्या. मी पेशाने हिशेबनीस. त्यामुळे चहाचा खर्च, आलेली माणसं आणि झालेले वाद हे तिन्ही मीच वहीत टिपून ठेवते. त्या वहीतला एक शनिवार इथे सविस्तर मांडते आहे. त्या दिवशी सूचनाफलकावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'भयपट आणि आपला समाज'. रात्री घरी जाताना तो कागद काढला, तेव्हा त्यातला 'आपला' हा शब्द डोळ्यांत खुपत होता.

चित्रपट कसा ठरला

आमच्या पिढीचं भूत म्हणजे हवेली, वादळी रात्र, पांढरी साडी आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्रिशूळ घेऊन धावत येणारा बाबा. त्या भुतामागचं कारण जुना शाप नाहीतर कुठल्या तरी ठाकुराचं पाप. रोजच्या पेपराशी त्याचं काही देणंघेणं नसायचं. गेल्या आठ-दहा वर्षांत हे बदललं. 2017 च्या 'गेट आउट'मध्ये जॉर्डन पीलने अमेरिकेतला वंशद्वेष शोधला तो गोड बोलणाऱ्या, शिकलेल्या, ओबामांचं कौतुक आवर्जून ऐकवणाऱ्या गोऱ्या कुटुंबाच्या घरात. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. 2018 मध्ये राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये माणसाची हाव हेच मुख्य भय झालं. त्याच वर्षी 'स्त्री'मध्ये अंधार पडल्यावर पुरुष घराबाहेर पडायला घाबरू लागले आणि थिएटरं हसली, कारण हा नियम आजवर कुणासाठी होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. 2024 मधला मल्याळम 'भ्रमयुगम' तर अख्खा कृष्णधवल. त्यात आसऱ्याला आलेल्या, खालच्या मानलेल्या जातीतल्या एका गायकाला मामुट्टीचा पोट्टी, म्हणजे वाड्याचा मालक, जेवू घालतो आणि बाहेर काही जाऊ देत नाही.

यातला कुठलाही चालला असता. आम्ही 'लपाछपी' घेतला. एक तर तो मराठी. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट 2017 च्या जुलैत चित्रपटगृहांत लागला होता आणि 2021 मध्ये त्यांनीच तो 'छोरी' नावाने हिंदीत पुन्हा केला. दुसरं कारण ऊस. पैशांच्या भानगडीमुळे शहर सोडून पळालेलं जोडपं, बायको गरोदर, आणि लपायला मिळालेलं घर उसाच्या मधोमध. पूजा सावंतची नेहा, आणि त्या घरात तिची काळजी घेणारी उषा नाईकांची तुळसाबाई. नाशिकहून तासाभरावर चांदोरी-सायखेड्याचा गोदाकाठ आहे, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. म्हटलं, लोकांना जवळचं वाटेल.

वाटलं खरं, पण माझ्या मनात होतं तसं नाही.

त्या संध्याकाळी

सत्तावीस माणसं आली. नेहमीपेक्षा जास्त, कारण भुताचा सिनेमा म्हटल्यावर सोसायटीतली कॉलेजची पोरं उतरली. चर्चेला धरून ठेवायला मी एक प्रश्न छापून प्रत्येकाच्या हातात दिला होता: 'खेड्यातल्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रश्नाला भयपट कसा भिडतो?' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ त्यातल्या पहिल्या शब्दाने घातला.

सिनेमा चालू असताना मी पडद्यापेक्षा लोकांकडे जास्त बघत होते, सवयच आहे. हॉल तीनदा मोठ्याने दचकला आणि तिन्ही वेळा पडद्यावर एकतर लहान मूल होतं नाहीतर मेलेली बाई. म्हणजे ज्यांचा जीव गेला त्यांनाच आम्ही घाबरत होतो. तुळसाबाईच्या मायेच्या बोलण्यावर, पोटाकडे जाणाऱ्या तिच्या नजरेवर कुणीही दचकलं नाही. एक आजी तर शेजारणीला म्हणाल्या, "किती करते बिचारी तिचं." शेवट सांगत नाही, पण त्या आजी पुढचा अर्धा तास एक शब्दही बोलल्या नाहीत.

दिवे लागले. चहा आला. पहिली प्रतिक्रिया आमच्या मजल्यावरच्या एका बँकवाल्या साहेबांची. "खेड्यात अजून असंच चालतं. शिक्षणच नाही." दोन-तीन माना हलल्या. एक वहिनी म्हणाल्या, "बाईच बाईची वैरी असते, हेच खरं." आणखी माना हलल्या. मला बरं वाटलं, चर्चा रुळावर होती. हातातल्या छापील प्रश्नाला उत्तर मिळत होतं.

काकांचा ऊस

मागच्या रांगेत गोदाकाठचे एक काका बसले होते. मुलाकडे आले होते, मुलगा इथे कंपनीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, एक विचारू का? ह्या पिक्चरवाल्यानं रात्री उसात पाणी भरलंय का कधी?"

हॉल हसला. काका हसले नाहीत. उसात माणूस कसा शिरतो ते त्यांनी सांगितलं. पानाला करवतीची धार असते, उघड्या हाताने गेलं तर कातडीवर रेघा उठतात आणि घाम लागला की चुरचुरतात. म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला उपरणं. खाली वाळलेलं पाचट, त्यावर पाय पडला की आवाज होतो, आणि तो आवाज आपला की दुसऱ्या कुणाचा हे कळत नाही. दोन सऱ्या आत गेलं की बांधावरचा माणूस दिसत नाही. "ते पिक्चरमध्ये बरोबर दाखवलंय," ते म्हणाले. "पण आमची भीती येगळी. आमच्या उसात बिबट्या असतो."

नाशिक जिल्ह्यात हे कुणाला नवं नाही. मादी उसात पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी ती सापडतात, मग वनखात्याला फोन, पिंजरा, गर्दी. पण काकांचा मुद्दा बिबट्यापाशी थांबला नाही. ते म्हणाले, बिबट्या रात्री हिंडतो, मग शेतकरी रात्री उसात कशाला जातो? कारण शेतीपंपाची थ्री-फेज लाईट आलटून पालटून येते, एका आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. रात्री लाईट आली की रात्रीच बारे धरायचे, नाहीतर पाळी गेली. "म्हंजे भूत कुठंय? उसात का लाईटीच्या टाइमटेबलात?"

कॉलेजची पोरं टाळ्या वाजवायला लागली. काकांनाच कसंतरी झालं.

मला त्या क्षणी काकांचा राग आला होता, हे वहीत लिहिलं आहे. वाटलं, विषय मुलींचा चाललाय आणि हे वीज घेऊन बसले. आज वाटतं, त्या संध्याकाळचं पहिलं खरं परीक्षण त्यांचंच होतं. बाहेरच्या माणसाने भीती वाटावी म्हणून ऊस निवडला. आतल्या माणसाला तिथे रोजची भीती आहे, तिला कारण आहे आणि त्या कारणावर कुणाची तरी सही आहे. चित्रपटाला ते कारण नको होतं, त्याला फक्त सळसळ हवी होती. माझ्या मते हा दिग्दर्शकाचा गुन्हा नाही, दीड-दोन तासांत एकच गोष्ट सांगता येते. पण बघणाऱ्याच्या डोक्यात ऊस, खेडं आणि क्रौर्य यांची एक मोळी बांधली जाते आणि ती मोळी बाहेर ठेवून तो मोकळ्या हाताने घरी जातो.

सिस्टर

काकांच्या पुढच्या रांगेत एक निवृत्त सिस्टर होत्या. शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली, त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचला. 'खेड्यातल्या' या शब्दावर थांबल्या.

"ताई, मशीन कुठे होतं?"

मला आधी कळलं नाही.

"सोनोग्राफीचं मशीन. खेड्यात होतं का?"

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, जणू ड्युटीचा चार्ज देत होत्या. नव्वदच्या दशकात गाड्या यायच्या त्या खेड्यातून येत असतील, पण यायच्या शहरात. शहरातल्यासुद्धा यायच्या, शिकलेल्या, नोकरीवाल्या. कागदावर काही लिहायचं नाही. डॉक्टर हसून 'पेढ्याचं बघा' म्हणाले तर मुलगा, 'बर्फी' म्हणाले तर मुलगी. बर्फीवाली बाई दोन दिवसांनी पुन्हा यायची, दुसऱ्या कारणासाठी. "मी ट्रे लावायचे," त्या म्हणाल्या. "मला कुणी भूत दिसलं नाही. मला बर्फी मात्र अजून खाववत नाही."

बँकवाले साहेब खिडकीबाहेर बघत होते.

आता थोडे आकडे, कारण मी हिशेबनीस आहे आणि आकड्यांशिवाय मला झोप येत नाही. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 चा, तो 2003 मध्ये आणखी कडक झाला. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात 1991 साली 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. कायदा आधी आला आणि मुली नंतर कमी झाल्या. ही घसरण विहिरीत ढकलून किंवा उसात पुरून होत नाही. त्याला मशीन लागतं, मशीन चालवायला पदवी लागते आणि फी भरायला पैसे लागतात. हे सगळं गंगापूर रोडवर मिळतं.

'गेट आउट' इथे पुढे जातो असं मला वाटतं. तो भय नेऊन ठेवतो ते तिकीट काढून आलेल्या सभ्य माणसाच्या दिवाणखान्यात. 'लपाछपी' मात्र ते शहराबाहेर नेतो. नेहा शहरातून आलेली, तिच्यावर अत्याचार करणारं जग गावातलं. बघणारा नेहाबरोबर उसात शिरतो आणि नेहाबरोबरच सुटकेचा विचार करतो. आपण कुणाच्या बाजूने गाडी चालवत आलो होतो, हा प्रश्न त्याला पडत नाही. आणि गुन्ह्याचा चेहरा म्हणून लक्षात राहते ती म्हातारी बाई. जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर, वंशाचा दिवा कुणाला हवाय, हे अंधारातच राहतं. मग वहिनींनी 'बाईच बाईची वैरी' म्हणावं यात नवल नाही. आमच्या हॉलमध्ये तरी चित्रपट तेवढाच पोचला होता.

सरांची हरकत

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात बरीच वर्षं घालवलेले एक सर त्या दिवशी होते. त्यांची हरकत मुळावरच होती: भूत दाखवून विवेक शिकवता येत नाही. त्यांनी जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण काढली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून ठेवणं, मारहाण करणं, चटके देणं यावर आहे. "मार कोण खातं? घरातली सूनच. अंगात येतं म्हणून भगताकडे नेतात तीही तीच," सर म्हणाले. "आणि तुम्ही पडद्यावर पुन्हा बाईच्याच अंगात भूत घालता."

यावर कॉलेजच्या एका मुलीने जे म्हटलं ते वहीत मी चौकटीत लिहून ठेवलं आहे. "सर, पण ती कुठे जाणार होती? अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी पोलिसांकडे गेलंय का? तिची तक्रार कुणी घेतली नाही म्हणून ती भूत झाली."

सर गप्प बसले, मग म्हणाले, हे मान्य आहे. पण त्यांनी एक भर घातली आणि ती मला जास्त मोलाची वाटते. आपल्याकडची भुतं बघा, ते म्हणाले. बाळंतपणात गेली ती हडळ. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. वासना अडकून राहिली तो समंध. पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. प्रत्येक भुताला लिंग आहे, वय आहे, लग्न झालं की नाही हे आहे, पुष्कळांना जातही आहे. गावाने ज्याचं जे देणं चुकवलं नाही, त्याची ही नोंदवही. बाळंतपणात बाई मेली तर तिला दवाखाना का मिळाला नाही हे विचारायचं सोडून आपण तिच्या वाटेवर खिळे ठोकतो.

मी हिशेबनीस असल्यामुळे 'नोंदवही' हा शब्द मला फारच आवडला, हे कबूल करते.

नाशिकचा भयपट

चर्चा संपवायला मी एक हलका प्रश्न टाकला: नाशिकमध्ये भयपट काढायचा तर कुठे काढाल? फाळके याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले. त्यांच्या 1913 च्या पहिल्याच चित्रपटात बाई मिळेना म्हणून तारामती अण्णा साळुंक्यांनी केली होती. गावाला परंपरा आहे, म्हटलं. उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. अमावास्येचा गोदाघाट. जुन्या नाशिकातले पडके वाडे. पावसाळ्यातली पांडवलेणी.

मग एक मुलगा म्हणाला, "काळारामाचं दार."

2 मार्च 1930. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेवर उभा राहिलेला सत्याग्रह, हजारो माणसं, बायकासुद्धा, पंचवटीत मंदिरासमोर. दारं आतून बंद. त्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. लढा पाच वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

"कॅमेरा आत ठेवायचा," तो मुलगा म्हणाला. "दार बंद करून बसलेल्यांच्या बाजूने. बाहेरून फक्त आवाज. बाहेरच्यांच्या हातात काही नाही, त्यांना फक्त दर्शन हवंय. आणि आतले थरथर कापतायत. भूत कोण ते शेवटपर्यंत सांगायचं नाही."

साडेनऊ वाजले होते. वॉचमन दारात किल्ल्या घेऊन उभा होता. कुणी उठेना.

पुढे काय केलं

पहिलं, छापील प्रश्न बंद केला. प्रश्न मीच लिहायचे आणि त्यात उत्तरही मीच घालून ठेवायचे. आता चित्रपट संपल्यावर एकच विचारतो: यात तुम्ही कुठल्या घरात राहता?

दुसरं, पुढच्या महिन्यात 'तुंबाड' दाखवला. 'लपाछपी'तल्या उसासारखा तोही 'लांबून बघितलेला' आहे का, हे बघायचं होतं. 1918 ते 1947 मधलं कोकण, पण गुन्हा आपल्याच माजघरातला. बाप मुलाला शिकवतो काय, तर कणकेची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात उतरायचं आणि मुठीत मावेल तेवढं सोनं ओरबाडून वर यायचं. खेळ संपल्यावर बँकवाले साहेब बराच वेळ बसून राहिले. मग हळूच म्हणाले, आमच्या वाड्याची केस अजून कोर्टात आहे, भावाशी. त्यापुढे ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. ज्या चर्चेत कुणी 'खेड्यात असंच चालतं' म्हटलं नाही, अशी ती पहिलीच.

तिसरं थोडं कडू आहे. सोसायटीच्या कमिटीने कळवलं की मुलं रात्री घाबरतात, तेव्हा यापुढे हॉलमध्ये 'कौटुंबिक' चित्रपटच दाखवावेत. मी लेखी उत्तर दिलं की दोन्ही चित्रपट कुटुंबाबद्दलच होते. उत्तर आलेलं नाही. सध्या आम्ही सिस्टरांच्या गच्चीवर बसतो.

काका परत गावी गेले, पण ग्रुपवर आहेत. त्या शनिवारनंतर तीनेक आठवड्यांनी रात्री दीड वाजता त्यांचा एक व्हॉइस मेसेज आला, दोन मिनिटांचा. आधी नुसता ऊस, वाऱ्याने सळसळणारा. मग पाचटावर पावलं, ती थांबतात. लांब कुठे तरी कुत्रं भुंकतं आणि एकदम गप्प होतं. बराच वेळ काही नाही, फक्त काकांचा श्वास. मग खटका पडतो, मोटार घरघरते आणि काका स्वतःशीच म्हणतात, "आली बाबा लाईट."